धुराच्या खालून

७ सप्टेंबर १९८३

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला आज दोन भोकं पाडली! लग्नातलं टेबल. ड्वाइटनं गिरमिटानं पाडली आणि त्यावर शिकंजा आवळला — काम पकडून धरायचा, लोखंडी, डुकराच्या डोक्याएवढा. आता या टोकाला आम्ही जेवणार आणि त्या टोकाला बंदूक होणार. मला कुणी विचारलं? नाही. गेलननं डावा हात उचलून "इथं" म्हटलं आणि पोरानं लावलं गिरमिट. बापाचं ऐकायला पन्नाशीत शिकला.

शेडमध्ये एवढा मोठा ओटा आहे, तिथं का नाही? तर पायऱ्या. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून गेलनचा उजवा हात, उजवा पाय म्हणजे लाकूड. जीभ अर्धी. एका वेळी एक शब्द, फार तर दोन. शिव्या मात्र अख्ख्या येतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं पुष्कळांचं. मी म्हटलं, याचं होणारच होतं.

ख्रिसमसनंतर ठासणीच्या बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम असतो. तो त्याला गाठायचाय. जुनी बंदूक उजव्या खांद्याची, चकमकही उजव्या बाजूला. डाव्या खांद्याला लावली तर चकमकीची आग सरळ डोळ्यात. म्हणून नवी. डावखुरी. घरीच करायची, कारण यानं आजवर विकतची बंदूक हातात धरली नाही.

हात कुणाचे? माझे!


११ सप्टेंबर

ड्वाइट चर्चमधून परस्पर इकडे आला. मला पोर्चवर गाठलं.

"आई, तू तरी समजाव त्यांना. दुकानात तयार मिळते."

"चकमकीची? डावखुरी?"

"मागवता येईल. पण प्रश्न तो नाही ना. बाबांना उडवताच येणार नाही. धक्क्यानं खुर्चीतून पडतील. हरीण समोर आलं आणि चुकले तर? ते सहन होईल त्यांना?"

आतून एक शिवी आली. पूर्ण. मधे कुठे अडखळली नाही.

"बघ," मी म्हटलं, "कान शाबूत आहेत."


१४ सप्टेंबर

नळी तयार आहे. झटक्याआधीच त्यानं स्वतः आतून आटे पाडले होते. लाकूडही आहे — वरच्या कुरणातला मेपल, ड्वाइट शाळेत होता तेव्हा पाडलेला, माळ्यावर वाळत पडलेला. आता त्या लाकडात नळी बसवायची. बसवायची म्हणजे अशी की मध्ये केस जाता कामा नये.

त्याची रीत: मेणबत्तीची काजळी नळीला लावायची. नळी खाचेत टेकवायची. उचलायची. लाकडावर काळं लागलं असेल तिथंच पटाशीनं खरवडायचं, तेवढंच. पुन्हा काजळी, पुन्हा नळी.

दिवसभर एकच शब्द. "परत."

"आता किती परत?"

"परत."

एकदा माझा हात जरा जोरात गेला, चांगला जाडसर पापुद्रा निघाला. त्यानं टेबलावर थाप मारली. "बटाटा — नाही!"

मी पटाशी ठेवली आणि खरोखरचे बटाटे सोलायला गेले. जेवायला हवेत की नको? तो शिकंज्याकडे बघत बसला. तासाभरानं माझी मीच परत आले. पटाशी उचलली.


१८ सप्टेंबर

नखांतली काजळी निघत नाही. चर्चला हातमोजे घालून गेले.


३० सप्टेंबर

टपालानं चाप आणि चकमकीचा घोडा आला. डाव्या बाजूला बसणारा. गेलननं तो हुंगला! माणसं नातवंडं हुंगतात. मग डाव्या हातानं घोडा ओढला, सोडला. माझ्या पडद्यापर्यंत ठिणग्या. पडद्याला एक भोक. तो अर्ध्या तोंडानं हसला. उरलेलं अर्धं तोंड आपलं बसलेलं, पाहुण्यासारखं.

व्यायामाची पोरगी पॉला आली तेव्हा हे सगळं पसरलेलं. ती गुरुवारी येते आणि त्याच्या उजव्या मुठीत रबरी चेंडू देऊन "दाबा, आजोबा, दाबा" करते. आज शुक्रवारी आली. चेंडू बघितला की हा मान फिरवतो.

"काय करताय, आजी?" तिनं मला विचारलं.

"केक."

पण पोरगी बरी आहे. चेंडू पिशवीत टाकला, त्याच्या उजव्या हातात कानस दिली, वर स्वतःचा हात ठेवला आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरून चालवली. त्यानं चालवू दिली. लाकडाचं नुकसान झालं, ते मी संध्याकाळी निस्तरलं.


१३ ऑक्टोबर

दस्त्याची लांबी त्याच्या डाव्या हाताची घेतली, कोपराच्या खळगीपासून चापाच्या बोटापर्यंत. हात काटकुळा झालाय. मोजताना दिसलं. मोजलं आणि बाही खाली केली.


२२ ऑक्टोबर

पुढच्या टोकाची ढलपी निघाली. माझ्याकडून. चांगली बोटभर लांब! मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस. तर यानं ढलपी उचलली, उजेडात धरली, "सरस" म्हणाला, म्हणजे चिकटव. बस.

शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.


५ नोव्हेंबर

कोबीसाठी ठेवलेलं सगळं व्हिनेगर संपवलं! त्यात लोखंडाचा कीस मुरत घातला होता, ते काळं पाणी आज दस्त्याला लावलं. लाकूड मेलेल्या उंदरासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, झालं, दोन महिने पाण्यात. तो म्हणाला, "चूल."

चुलीवर धरलं. हळूहळू फिरवत. आणि त्या मेलेल्या रंगातून पट्टे वर आले. लाल, मधासारखे, आडवे, टोकापासून टोकापर्यंत. लाकूड हलवलं की पट्टे हलतात.

आंबट कोबी यंदा दुकानातला आणावा लागणार.


१२ नोव्हेंबर

आता नळीला तपकिरी रंग यावा म्हणून गंज चढवायचा. मुद्दाम! या घरात आयुष्यभर मी गंज घासत आले — तवे, बादल्या, त्याच्या चाव्या. आता रोज सकाळी नळीवर ओलं फडकं फिरवते आणि गंज आला की नाही बघते. आला नाही तर मलाच बोलणी.


१९ नोव्हेंबर

बंदुकीची परीक्षा झाली. जुन्या टायरला नळी घट्ट बांधली, दुप्पट दारू ठासली, चापाला दोरी बांधली आणि ड्वाइट ओकच्या मागे जाऊन दोरी ओढायला बसला. गेलनला ट्रकमध्ये बसवलं होतं, काच खाली करून. आवाज असा झाला की कोंबड्या आठवडाभर अंडी देणार नाहीत. नळीला चीर नाही, फुगवटा नाही. गेलननं तिच्यावरून बोट फिरवलं, नवजात बाळाच्या टाळूवरून फिरवतात तसं, मग माझ्याकडे बघितलं. "बरी," म्हणाला. नळीला म्हणाला की मला, विचारलं नाही.

बॉइड आला होता बघायला. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी. डोंगरावरच्या शिकाऱ्यांच्या कॅम्पचा कारभारी. त्या कॅम्पवर बायकांना मज्जाव. पण भिंतीवर काय आहे ते साऱ्या खोऱ्याला माहीत. हरणावर नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचा मागचा भाग तिथल्या तिथं कापतात, त्यावर नाव आणि साल घालतात, भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. एकदा ठोकलेला तुकडा खाली येत नाही. बॉइडचे तीन आहेत. ड्वाइटचा पहिला चौदाव्या वर्षीचा — गेलननं स्वतः कापला, पोरगा रडत होता तरी.

गेलनचा एकही नाही.

"तुझा तुकडा बघायलाच जगलोय रे मी," बॉइड ट्रकच्या खिडकीत वाकून म्हणाला. "जागा राखून ठेवलीय. चुलीच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी."

गेलन इतका हसला की मला त्याची हनुवटी पुसावी लागली.


४ डिसेंबर

ड्वाइट नाराज. हरीण चुकलं तर काय, हे त्याचं चालूच. मी म्हटलं, चुकलं तर शर्ट कापतील, शर्ट मी दुसरा शिवीन.

"आई, तुला कळत नाहीये."

मला कळतंय. या माणसाला आता स्वतःची चड्डी चढवता येत नाही. खोऱ्यात येणारा-जाणारा त्याच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतो, मूल असल्यासारखं. एक गोष्ट उरलीय जी तो करायचा आणि बाकीच्यांना तशी जमायची नाही. ती अजून जमते की नाही, एवढंच त्याला बघायचंय. जमलं नाही तर तेही बघायचंय. पण ज्याचं त्यानं बघावं. दुसऱ्यांनी आधीच ठरवू नये.


१० डिसेंबर

कुरणात सराव. भरायचं काम माझं. दारू मापून नळीत. मग चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, गजानं ठासत खाली — गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली की समजायचं बसली. मग चकमकीखालच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. चिंध्यांसाठी माझ्या गादीची खोळ फाडली, निळ्या पट्ट्यांची, तिरक्या विणीची, अजून दहा वर्षं गेली असती. बॉइड साध्या सरळ विणीचं कापड वापरतो. गेलनला ते चालत नाही. महाराज!

तो खुर्चीत. समोर दोन काठ्यांची फुली बांधून त्यावर नळी टेकवलेली. मी मागे उभी, त्याचा कोट धरून.

पहिली गोळी गेली कुठल्या कुठे. दुसरी तशीच. तिसरीला निशाण म्हणून टांगलेली माझी ॲपल-पायची थाळी वाजली! चौथीलाही.

थाळीला आता दोन भोकं. टेबलाला आहेतच.


२६ डिसेंबर

पहिला दिवस. पहाटे ट्रक, मग ड्वाइट आणि बॉइडनं त्याला खुर्चीसकट उचलून ओकच्या दांड्यावर, डोंगराच्या सोंडेवर, नेऊन बसवलं. माझी स्वयंपाकघरातली खुर्ची. मला वाटलं बाई म्हणून हाकलतील, पण बंदूक कोण भरणार? राहू दिलं.

काही आलं नाही. एक खार.


२८ डिसेंबर

काही नाही. गारठा. गुडघे माझे की दुसऱ्या कुणाचे कळत नाही. त्याच्या उजव्या हाताला थंडी कळत नाही, म्हणून मोजा तिथं दुहेरी.


२९ डिसेंबर

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

दिवस मावळायला आला होता. जमीन कोरडी, बर्फ नाही, पानं कडक. खालच्या लॉरेलच्या दाट झुडुपांतून एक मादी निघाली. एकटी. चांगली मोठी. थांबत, हुंगत वर आली आणि आडवी उभी राहिली. मी त्याचा कोट धरला. श्वास धरलाय म्हणून मला वाटलं, पण तो अगदी सावकाश श्वास घेत होता.

वाटीतली दारू भपकन पेटली, मग आवाज. आणि धूर! वारा नव्हता. मी उभी होते ती त्या धुरातच, डोळ्यांत, नाकात, काही दिसेना. धुरापलीकडे पानांवर पळण्याचा आवाज, मग तोही नाही.

"लागली," गेलन म्हणाला.

ड्वाइट दांड्याच्या पलीकडून धावत आला. खाली जाऊन वाकून वाकून बघितलं, टॉर्च लावून बघितलं. रक्त नाही. केस नाही. झुडुपांच्या तोंडापर्यंत गेला, परत आला.

"लागली." गेलननं डावा हात खाली झुडुपांकडे केला.

"बाबा, काहीच नाही तिथं. एक थेंब नाही. चुकतं कधी कधी."

"लागली!"

ड्वाइटनं माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थंडी वाढलीय. चला."

कॅम्पवर नेलं त्याला गरम व्हायला. मला आत घेतलं, कुणी हूं की चूं केलं नाही. तिथंच मला कळायला हवं होतं, नियम आज गुंडाळून ठेवलेत. बॉइडनं कॉफी दिली. सगळे चुलीकडे बघत होते. भिंतीवर ते तुकडे, चौकडीचे, निळे, लाल, विटलेले. चुलीच्या वर रिकामी जागा.

गेलननं एकेकाकडे बघितलं. कुणी कात्री काढेना. मग त्यानं डाव्या हातानं स्वतःचा शर्ट पॅन्टमधून उपसला. वेळ लागला. मदत करायला ड्वाइट पुढे झाला तर त्याला कोपर मारलं.

"सोड रे, गेलन," बॉइड म्हणाला. मोठ्यानं आणि सावकाश! "तुझं वेगळं आहे."

गेलनचा चेहरा पांढरा झाला. अर्धा नाही, सगळा.

"चुकलो — तर काप," तो म्हणाला. "नाहीतर जा. शोध."

मार्चपासून एका दमात एवढं बोलला नव्हता. आणि चूक काय होतं त्यात? चुकला म्हणता तर शर्ट कापा. कापायचा नाही तर चुकला नाही, मग कंदील घ्या आणि जा. या दोघांनी दोन्हींतलं एकही केलं नाही. एक बूट बघत होता, दुसरा कॉफी.

चिंध्यांची कात्री माझ्या खिशात होती. मी कापला. लाल-काळ्या चौकडीचा, लोकरीचा, मीच शिवलेला. शिवण वाचवून कापला. बॉइडच्या हातात दिला. "नाव घाल आणि ठोक," म्हटलं.

ड्वाइट गाडीत म्हणाला, "कसं करवलं तुला, आई?"

मी म्हटलं, चुकलेल्याचा शर्ट कापतात. आजाऱ्याचा कापत नाहीत. तुम्ही त्याला आजारी करत होता.

तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं. गेलन मागच्या सीटवर होता. शिवीसुद्धा नाही.


३० डिसेंबर

रात्रीतून बर्फ पडलं, अजून पडतंय. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. बंदूक मी धुतली, तेल लावलं. बघायला आणली तर डोळे मिटले.


१ जानेवारी १९८४

डुक्कर आणि आंबट कोबी, दरवर्षीप्रमाणे. कोबी दुकानातला, त्याला चव नाही. ड्वाइट आला होता. गेलनला टेबलाशी आणून बसवलं. त्यानं काटा उचलला नाही.

एकदा म्हणाला, "लागली."

मी म्हटलं, "बरं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं! बरं. हाच शब्द पॉला वापरते, डॉक्टर वापरतो. मी याच्याशी लग्न झाल्यापासून भांडत आले, आणि आता "बरं" म्हणाले.

जेवण झाल्यावर ड्वाइट शिकंज्याला हात लावून म्हणाला, "बाबा, हा काढून ठेवू का आता? आईला टेबल मोकळं होईल."

"काढ," गेलन म्हणाला.

ड्वाइटनं काढला, शेडमध्ये नेऊन ठेवला. टेबल मोकळं झालं. मला हवं होतं ना मोकळं? दोन भोकं दिसतात. त्यावर मिठाची बरणी ठेवली.


३ जानेवारी

गुरुवारी येऊ नकोस म्हणून पॉलाला कळवायला सांगतोय. बोलून नाही, हातानं. मी कळवलं नाही.

बॉइडचा कुत्रा दोन दिवस घरी जेवत नाही म्हणे. बॉइड फोनवर तासभर तेच. म्हाताऱ्या कुत्र्याचं म्हाताऱ्या माणसाकडून ऐकायला मला वेळ नाही.


५ जानेवारी

बॉइडचा कुत्रा आज हरणाचा खूर तोंडात धरून आला. बर्फातल्या मागावरून बॉइड आणि ड्वाइट गेले. लॉरेलच्या झुडुपांत, अगदी आत, जिथं ड्वाइट थांबून परत फिरला होता तिथून दगड मारला तर पोचेल इतक्यावर. मादी. मोठी. मागचा भाग कोल्ह्यांनी खाल्लेला, पुढचा गोठलेला शाबूत. गोळी खांद्यामागून शिरली, पलीकडच्या कातडीखाली अडकली. बाहेर आलीच नाही, मग रक्त कुठून पडणार? ड्वाइटनं ती माझ्या तळहातावर ठेवली. पुढून चपटी. मागच्या बाजूला शिशावर कापडाची वीण उमटलीय. तिरकी. माझ्या गादीची खोळ.

मी उभी होते, धुरात. तो खुर्चीत बसलेला. धूर वर चढतो. त्याला खालून दिसलं होतं.

खिळे काढायचा हातोडा घेऊन सरळ कॅम्पवर गेले आणि तुकडा उपसला. बॉइड म्हणाला, "वर्डी, खाली काढत नाहीत कधी." मी म्हटलं, आजपासून काढतात.

शिवण वाचवली होती, शर्टाला परत बसेल नीट. सुईत दोरा ओवतेय. ड्वाइट कधीचा दारात टोपी चुरगाळत उभा आहे — "आई, तूच सांग त्यांना." अजिबात नाही. आधी शेडमधून शिकंजा आण आणि टेबलाला लाव. मग गोळी घेऊन आत जा. तो विचारेल, "कुठं सापडली?" मी तोंड उघडणार नाही, बॉइडही नाही. उत्तर तू द्यायचंस.